रखमाजीच्या जिवाला धोका

सरकारदरबारी अडकलेलं काम माझ्या हाती द्या आणि निवांत झोपा! भोर-वेल्हे नागरिक हक्क कृती समितीचा मी अध्यक्ष. सचिवही मीच, कारण दुसरं कुणी तयार झालं नाही.

तर समितीकडे रखमाजी आला. वेल्ह्याच्या वर डोंगरातल्या वाडीवर मेंढरं राखणारा माणूस. चोर टेम्पो घेऊन यायचे, मेंढरं भरून न्यायचे. एकदा हा आडवा गेला तर त्याला गजानं झोडपलं. बिचाऱ्यानं पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो कुठल्याशा कपाटात जाऊन बसला.

“अध्यक्ष, पुन्यांदा आलं तर जित्ता सोडायचं न्हाईत,” रखमाजी म्हणाला. “घरवाली ठकुबाईच्या डोळ्याला डोळा न्हाई.”

“आठ दिवसांत परवाना!” मी छातीवर हात मारला.

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीसमोर उपोषणाला बसलो. जेवायच्या वेळेआधीच साहेबांनी आश्वासन देऊन सरबत पाजलं, नाहीतर माझं काही खरं नव्हतं! आश्वासन असं, की फक्त पोलीस चौकशी राहिली आहे, ती लगेच होईल.

आणि खरंच झाली! हवालदार वाडीवर गेले. शेजारच्या ज्ञानूला विचारलं, “रखमाजीच्या जिवाला धोका आहे का?”

“धोका?” ज्ञानू खवळलाच. “आमच्या रखमाजीला हात लावायची कुनाची छाती हाय? गायीवानी मानूस!”

सगळ्या वाडीनं हीच री ओढली. परक्या माणसापुढे आपल्या माणसाला कमीपणा कसा आणायचा? हवालदारांनी अहवाल दिला: धोका नाही, पिस्तुलाची गरज नाही!

मी कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा कचेरीत तणतणलो, फेरचौकशी मंजूर करून घेतली आणि वाडीवर जाऊन सभाच भरवली.

“लोकहो, धोका आहे असं सांगायचं! ठासून सांगायचं!”

“व्हय, व्हय!” सगळे म्हणाले.

हवालदार पुन्हा आले. “धोका आहे का?”

“लई हाय!” वाडी एका सुरात गरजली.

“कुणापासून?”

झालं! हे मी शिकवलंच नव्हतं. चोरांची नावं कुणाला ठाऊक? आणि शेजाऱ्याचं नाव पोलिसांना सांगणं म्हणजे सात पिढ्यांचं वैर. सगळे एकमेकांना पुढे ढकलू लागले. शेवटी धोंडाबाई काठी टेकत पुढे आल्या. वय ऐंशीच्या पुढचं, कमरेत काटकोन.

“माज्यापास्नं लिवा! म्याच मुडदा पाडीन त्येचा!”

म्हातारी एवढं करते म्हटल्यावर बाकीचे मागे राहतील? “माजंबी लिवा!” ज्ञानू ओरडला. मग अख्खी वाडी रांगेत उभी राहिली. रखमाजीच्या प्रेमापोटी जो तो त्याचा खून करायला तयार!

दोन दिवसांनी सगळ्यांना नोटिसा. टेम्पोत बसून वाडी वेल्ह्याला आली, चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून द्यायला. जामीन कोण? रखमाजी! ज्यानं मरायचं, तोच मारणाऱ्यांना जामीन! आणि त्या गडबडीत रिकाम्या वाडीवर भरदिवसा चोरांनी टेम्पो लावला. एकट्या ठकुबाईंनी बोंब ठोकली म्हणून निम्मी मेंढरं तरी वाचली.

मला खरंच वाईट वाटलं. म्हणून मी लगेच मोर्चाची तयारी सुरू केली! पण त्याआधीच पुण्याहून मोठे साहेब स्वतः चौकशीला आले. मी आणि रखमाजी समोर उभे.

“नीट सांगा रखमाजी, या वाडीपासून तुम्हाला खरंच धोका आहे?”

“न्हाई साहेब. देवमानसं हायती.”

“मग चोरांपासून?”

“त्ये वरसातनं दोनदा येत्यात.” रखमाजीनं माझ्याकडे बोट केलं. “ह्ये रोज येत्यात.”

साहेब हसतील असं वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी उपोषण, सभा, बाँड, चोरी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

पुढच्याच आठवड्यात परवाना मंजूर झाला! आमच्या समितीचं तडीस गेलेलं हे पहिलंच काम. रखमाजीनं पिस्तूल घेतलंय. मंजुरीच्या कागदावर धोक्याच्या कारणापुढे माझं पूर्ण नाव आहे, हुद्द्यासकट. सत्काराला वाडीवर बोलावलंय त्यांनी, पण सध्या मला जरा वेळ नाही.