आतून कडी

आमच्या संगणकशास्त्र विभागातली माणसे जूनपासून आम्हीच लिहिलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. एका वेळी एकच माणूस चालतो, बाकीचे असतील तिथे थांबतात. थांबलेल्याला दिसते, ऐकू येते. हलता-बोलता मात्र येत नाही. वेळ संपली की पुढच्याचा नंबर लागतो. संगणकात शेकडो कामे अशीच आलटून पालटून चालतात आणि तिथे कुणाची तक्रार नसते, असे विभागप्रमुख सबनीस सरांनी बैठकीत सांगितले. त्या क्षणी त्यांच्याखेरीज कुणीच चालू नव्हते, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

प्रत्येकाला एक क्रमांक आहे. सबनीस सर अर्थातच पहिले. मी मधला, दिवसातून तीन-चारदा माझा नंबर लागतो, तेवढ्यात अर्धे व्याख्यान आणि डबा उरकतो. संशोधक विद्यार्थी सगळ्यांत खाली, आणि त्यांच्यातही शेवटची इरावती गायधनी. तिचा नंबर दिवसातून एखाददुसऱ्या वेळी लागे आणि वाक्य पुरे होण्याआधी संपे.

इरावतीचा प्रबंध नेमका याच विषयावर होता: खालच्या क्रमांकाच्या कामांचे हाल. त्यातल्या शेवटच्या प्रकरणात तिने एक नियम मांडला होता. वरच्याला हवी असलेली वस्तू खालच्याने अडवली असेल, तर ती सुटेपर्यंत खालच्याला वरच्याचा क्रमांक द्यावा. खालचा चाललाच नाही, तर वस्तू सुटणार कशी?

"हे प्रकरण गाळून टाक," सबनीस सर तिला म्हणाले होते. ते तिचे मार्गदर्शकही होते. "पहिल्या क्रमांकाच्या माणसाची वस्तू खालचा कशाला अडवेल? उगाच कागद वाढवू नकोस."

तिने प्रकरण गाळले नाही. उलट, मिळतील तेवढ्या क्षणांत तिने तो नियम सिस्टिममध्ये लिहूनही टाकला. पोरगी दिसायला मऊ, पण हट्टाला पेटली की पेटली.

मंगळवारी तिची तोंडी परीक्षा होती. तिच्या नोंदणीचाही तो शेवटचा दिवस. त्या दिवशी परीक्षा पुरी झाली नाही, तर प्रबंध बाद आणि इतक्या वर्षांच्या कामावर पाणी. परीक्षक उमरीकर सर नांदेडहून आले होते. पाहुणे असल्यामुळे त्यांना क्रमांक नव्हता. ते आपले मोकळे हिंडत-बोलत होते.

"करा सुरुवात," उमरीकर सर म्हणाले.

"माझ्या प्रबंधाचा विषय," इरावती म्हणाली, आणि तिची वेळ संपली.

त्यानंतर सबनीस सर चालले. त्यांनी विभागाची प्रगती सांगितली, चहा मागवला, प्यायले, आणखी मागवला. मग थोडा वेळ आम्ही मधले चाललो. पुन्हा सबनीस सर, पुन्हा चहा. मला सरांचा इतका राग आला होता की माझा नंबर लागताच मी उठून बाहेर कूलरपाशी पाणी प्यायला गेलो. पेला भरत असतानाच माझी वेळ संपली.

दुपारी इरावतीचा नंबर लागला. ती तडक उठली. खोलीतून बाहेर आली, माझ्यासमोरून झपझप चालत विभागाच्या एकुलत्या एक स्वच्छतागृहात शिरली आणि आतून कडी लावली. तेवढ्यात तिची वेळ संपली असावी, कारण आत सगळे शांत झाले.

थोड्या वेळाने सबनीस सर घाईघाईने आले. त्यांनी दार ढकलले. मग ठोठावले. आणि हात दारावर, एक पाय दुसऱ्यावर, असे ते थांबले. दार उघडल्याशिवाय त्यांना पुढे चालणे शक्य नव्हते.

"तर माझ्या प्रबंधाचा विषय असा आहे," आतून इरावतीचा आवाज आला.

उमरीकर सर खुर्ची घेऊन दारापाशी येऊन बसले. येता येता त्यांनी माझ्या पेल्यावरचा नळ बंद केला. पाणी माझ्या बुटांपर्यंत आले होते.

"तुमचा नियम चालतो याला पुरावा काय, बाई?"

"मी बोलतेय ना, सर."

उमरीकर सरांनी मान डोलावली. "आणि दोघांनी दोन वस्तू अडवल्या अन् दोघांनाही एकमेकांची पाहिजे असली तर?"

"तर दोघंही कायमचे अडकतील. म्हणून मी एकच कडी लावलीय."

ती बोलत राहिली. एका वाक्यानंतर दुसरे, दुसऱ्यानंतर तिसरे. इतके सलग तिला बोलताना आम्ही प्रथमच ऐकत होतो. मला फार आनंद झाला, खोटे कशाला सांगू? उमरीकर सरांनी तिला उलटसुलट तपासले, पण ती कुठे अडली नाही.

"झालं की मग," ते शेवटी म्हणाले. "कागद दाराखालून सरकवतो, सही करा. बाहेर आलात की तुमचा नंबर परत शेवटचा. माझं ऐका, आतच बसा. आणखी चार पेपर लिहून होतील."

मीही मनातल्या मनात ओरडत होतो, उघडू नकोस, इरावती.

"नाही सर," ती म्हणाली. "वस्तू सोडली की क्रमांक लगेच परत जायला हवा. तेवढं दाखवायचं राहिलंय. ते दाखवलं नाही, तर प्रबंध अर्धाच."

सही झालेला कागद दाराखालून परत आला. मग कडी वाजली. दार उघडले. तिने एक पाऊल बाहेर टाकले आणि ती थांबली. सबनीस सर तिच्या बाजूने आत गेले.

उमरीकर सरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, तिच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला आणि कागदावर लिहिले: क्रमांक परत गेला, नियम सिद्ध. मग तिच्यासमोर उभे राहून ते म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर."

सबनीस सर बरेच हलके होऊन बाहेर आले. त्यांनी मुकाट्याने सही केली. "ते प्रकरण राहू द्या," एवढेच म्हणाले.

इरावतीचा नंबर बुधवारी लागला. "थँक यू, सर," ती म्हणाली. समोर कुणी नव्हते. उमरीकर सर आदल्या रात्रीच नांदेडला पोचले होते. मग ती हसू लागली, आणि वेळ संपली.

उरलेले हसू तिने गुरुवारी पुरे केले.