सोमवारची बदली

जे मोजलं जातं तेच सुधारतं, हे आता कोणाला पटवून द्यावं लागत नाही. आमच्या सायकल मंडळाच्या नियमावलीत ते पहिलंच कलम आहे. त्यामुळे ज्या रविवारी माझी बायको गेली त्या दिवशी माझी तब्येत उत्कृष्ट होती, हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो. सरासरी ठोके एकशे एकवीस. पाणी साडेतीन लिटर. दर वीस मिनिटांनी गोड जेलची एक पुडी. अंतर एकशे वीस किलोमीटर.

खरं तर घराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा एकशे एकोणीस पूर्णांक चार दशांश झाले होते. सहाशे मीटरसाठी आकडा मोडका ठेवणं मंडळात शोभत नाही, म्हणून मी न उतरता गल्लीतच फेऱ्या मारू लागलो. फाटकात शेजारचे मास्तर दोन्ही हात हलवत उभे होते. मला ते प्रोत्साहन वाटलं. (कडेला प्रेक्षक असले की कामगिरी चार टक्क्यांनी वाढते, असं आमचे मार्गदर्शक सांगतात.) पहिल्या फेरीला मी त्यांना अंगठा दाखवला. दुसऱ्या फेरीला ते काहीतरी ओरडले. माझ्या कानात मार्गदर्शकांचं श्वासावरचं भाषण चालू होतं, त्यामुळे "उतरा" एवढंच ऐकू आलं, आणि उतरायला अजून दोनशे मीटर बाकी होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी हँडलच धरलं. तोवर एकशे वीस पूर्ण होऊन अकरा मीटर वर झाले होते.

"अहो, वहिनी गेल्या," मास्तर म्हणाले. "तासभर फोन लावतोय तुम्हाला!"

फोनवर सरावाच्या वेळी घड्याळाच्या सूचना सोडून काहीही येऊ नये, ही सोय मीच करून ठेवली होती. ती चोख चालली.

स्वयंपाकघरात ती माझे उकडलेले बटाटे मोजत असताना पडली. गल्लीतले डॉक्टर येऊन, हृदय बंद पडलं असं सांगून गेले होते. सरावानंतर अर्ध्या तासात दोनशे ग्रॅम बटाटे, चिमूटभर मीठ आणि एक केळं, असा माझा आहार ठरलेला होता. ताटलीतले बटाटे मी नंतर मोजले. एकशे चाळीस भरले.

मोजण्याची सवय मला नोकरीतली. चौतीस वर्षं मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. दुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा. नव्या निरीक्षकांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो : काटा भलतंच वजन दाखवायला लागला तर काट्याला शिव्या देऊ नका, आधी पारड्यात काय आहे ते बघा. निवृत्त झालो तेव्हा मोजायला काही उरलं नाही, म्हणून मी स्वतःला मोजायला घेतलं.

मंडळाची माहिती थोडक्यात देतो. सभासद एकतीस. सरासरी वय एकोणसाठ. आजवर एखाद्या शर्यतीत उतरलेले सभासद : शून्य. शर्यतीच्या तयारीत असलेले : एकतीस. आमचे मार्गदर्शक पेशाने दंतवैद्य आहेत आणि दर वीस मिनिटांनी तोंडात साखर गेलीच पाहिजे या मताचे आहेत. (सत्तावीस सभासद त्यांच्याच दवाखान्यात जातात.) सकाळी भेटल्यावर आम्ही एकमेकांना कसे आहात असं विचारत नाही. रात्री गाढ झोप किती मिनिटं लागली ते विचारतो. ज्याची झोप कमी भरते तो दिवसभर मान खाली घालून सायकल चालवतो.

मंडळाचे दोन नियम अत्यंत शास्त्रीय आहेत. एक : सोमवारी पूर्ण विश्रांती. दोन : रोज सात हजार पावलं झालीच पाहिजेत, एक दिवस चुकला की वर्षाची साखळी तुटली. हे दोन्ही नियम एकाच माणसाला पाळता येत नाहीत, हे संस्थापकांच्या लक्षात आलं नव्हतं. सभासदांच्या आलं. त्यावर निघालेल्या तोडग्याला मंडळात 'सोमवारची बदली' म्हणतात. सोमवारी सकाळी घड्याळ बायकोच्या मनगटावर बांधायचं. ती केर काढते, कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते, बाजारात जाते. संध्याकाळपर्यंत नवऱ्याची सात हजार पावलं होतात आणि नवऱ्याला पूर्ण विश्रांती मिळते. एकतिसांपैकी बावीस घरांत ही व्यवस्था होती. एका विधुर सभासदाने घड्याळ कुत्र्याला बांधलं. त्याला ताकीद मिळाली, कारण कुत्र्याची गाढ झोप अध्यक्षांपेक्षा जास्त भरली.

"म्हणजे तुम्ही पाय वर करून पेपर वाचणार आणि तुमच्या नावावर मी चालणार," बायको पहिल्या सोमवारी म्हणाली. "बक्षीस मिळालं तर अर्धं माझं हं."

बक्षीस मिळालं. वर्षभर साखळी न तुटल्याबद्दल 'अखंड' असं छापलेली पाण्याची बाटली. ती तिने अख्खीच घेतली आणि त्यात कपडे धुण्याची पावडर भरून ठेवली.

याच सुमाराला ती म्हणू लागली, "अहो, हल्ली जिना चढताना मला धाप लागते." मी हे कानामागे टाकलं नाही. शास्त्रोक्त सल्ला दिला. म्हटलं, "तू एकदम जोर लावतेस. ठोके दुसऱ्या झोनमध्ये ठेवत जा." ती म्हणाली, "बादली कुठल्या झोनमध्ये ठेवू?" तिला या विषयात गती नव्हती.

मग एका मंगळवारी माझ्या फोनवर साप्ताहिक अहवाल आला. नेहमीच्या हिरव्या ओळींत एक लाल ओळ होती : गेल्या आठवड्यात आपल्या हृदयाचे ठोके अनियमित आढळले, डॉक्टरांना भेटा. वार कोणता, वेळ कोणती, हे खाली बारीक अक्षरांत होतं. मी चष्मा न लावताच घाबरलो.

त्याच दिवशी हृदयतज्ज्ञांकडे गेलो. सोबत बायको. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चालू होती, पण मी जिन्याने गेलो, कारण जिन्याच्या पायऱ्या वेगळ्या मोजल्या जातात. ती माझ्या मागून आली. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून बसली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, नंबर जाईल. मी येते हळूहळू." माझी पाण्याची बाटली तिच्याच हातात होती, त्यामुळे मला जरा गैरसोय झाली.

डॉक्टरांनी पट्ट्यावर पळवलं, छातीला तारा लावल्या, सगळं तपासलं. म्हणाले, "चाळिशीतल्या माणसाचं हृदय आहे तुमचं. घड्याळं चुकतात कधीकधी." बायकोचा जीव भांड्यात पडला. ओढणी सारखी करत ती डॉक्टरांना म्हणाली, "मी सांगतच होते यांना. उगाच घाबरतात." डॉक्टरांसमोर ती त्या दिवशी दहा मिनिटं बसली होती. त्यांनी तिला माझ्या पथ्याचा कागद दिला.

दुसऱ्या मंगळवारी पुन्हा लाल ओळ. मंडळात या विषयावर चाळीस मिनिटं चर्चा झाली आणि माझ्या शरीरात मीठ कमी पडतंय असं एकमताने ठरलं. बायकोने त्या दिवसापासून माझ्या पाण्यात मीठ आणि लिंबू वाढवलं. तिसऱ्या मंगळवारी पुन्हा लाल ओळ. मी घड्याळाच्या कंपनीला तीन पानी तक्रार लिहिली की आपला माल सदोष आहे. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे तक्रार उत्तम उतरली. तिला वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "चांगली खडसावलीत." त्याच आठवड्यातला तो रविवार.

मंडळाची शोकसभा फाटकाबाहेरच झाली. दोन मिनिटं शांतता पाळली. सुरुवातीला एकतीस घड्याळं थांबवल्याचा टिकटिक आवाज आला, कारण उभं राहिल्याने सरासरी वेग पडतो. माझंही त्यात होतं. सवयीने.

कंपनीचं उत्तर अकरा दिवसांनी आलं. मुलगी घरी होती, तिनेच मोठ्याने वाचलं. सोबत नोंदींचा तक्ता होता. तिन्ही नोंदी सोमवारच्या. तिन्ही सकाळी अकरा ते बारा.

"बाबा, सोमवारी अकरा वाजता तुम्ही कुठे असता?"

"इथेच. पेपर वाचत."

"मग गच्चीवर कोण जातं?"

तिने कागद माझ्यासमोर ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. घड्याळ बरोबर होतं. त्यावर मी डोळे मिटून शिक्का मारला असता. पारडं बघायचं राहिलं.

मंडळाचं कामकाज सुरळीत आहे. हा प्रकार मी सभेत सांगितला तेव्हा सगळे गंभीर झाले आणि बदलीचा नियम दुरुस्त करण्यात आला : यापुढे घड्याळ बायकोला बांधताना ठोक्यांची नोंद बंद ठेवावी, म्हणजे सभासदाला नाहक घाबरायला नको. ठराव बावीस मतांनी मंजूर झाला.

आपण मंडळाचे सभासद नसाल, तरी आज किती पावलं झाली ते आपल्याला ठाऊक असेल. नसेल तर आत्ता मनगटाकडे बघाल. बघून झालं की एवढंच सांगा : घरात जे दुसरं माणूस आहे, ते काल जिन्यात किती वेळा थांबलं? सावकाश आठवा. मला घाई नाही.

कंपनीच्या पत्रासोबत एक फॉर्मही आहे. तो भरून पाठवल्याशिवाय तक्रार मिटत नाही. तीन रकाने भरले आहेत. चौथ्यात विचारलं आहे : नोंदीच्या वेळी घड्याळ कोणाच्या हातावर होते? तो भरायचा राहिला आहे.