गोराईच्या क्षीरसागरातून वासुकी गायब

"श्यामकांता, लिहून घे. 'नुसत्या वासावरून चोर ओळखणारा, पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंवर सारखाच दरारा असलेला गुप्तहेर नंदकुमार...'"

मी लिहून घेतलं. न घेऊन सांगतो कुणाला? नंदकुमार म्हणजे माझे भावोजी. घाटकोपरला टायपिंगचा क्लास चालवतात. दारावर 'गुप्तहेर' अशी पाटी आहे, आणि त्यातला 'गुप्त' सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे.

शिवदासशेठ गोराईच्या किनाऱ्यावर समुद्रमंथनाचा भव्य सिनेमा काढत होते. पुराणातला मंदार पर्वत नुसता फिरतो. शेठचा बोलणार होता, उडणार होता, आणि इंटरव्हलआधी त्याची एक फाईट होती. पण घुसळायला लागणारा वासुकी नागच सकाळपासून गायब! जाड दोरखंडावर हिरवे खवले शिवलेला, चांगला चाळीस फुटी. फणा तेवढा पेटीत सुखरूप होता. शोधायला शेठनी भावोजींना बोलावलं, मागोमाग वही घेऊन मी.

"चारपर्यंत वासुकी आला नाही तर काशीरामला नारळ!" शेठ गरजले.

सामान सांभाळणारा काशीराम रडकुंडीला आला. गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षांनी मिळालेलं हे पहिलं काम. "नारळ नको शेट, ते गावाक खूप आसत. नोकरी व्हयी! दहा बाय दहाच्या खोलीत चाळीस फुटी नाग मी खंय लपवतलंय?"

मला त्याची दया आली. भावोजींना संशय आला. "खोलीचं माप तोंडपाठ आहे. नोंद कर."

मग ते वाळूत वाकले. "गुन्हेगार एका पायाने अनवाणी!"

"भावोजी, तुमचेच ठसे ते. आत्ताच चप्पल तुटली ना तुमची?"

"म्हणजे माझ्या वेषात आला होता. हुशार आहे लेकाचा!"

नंतर स्मगलर सुचले. नागाच्या पोटात सोनं! होड्या तपासायला गेले आणि कंबरेपर्यंत चिखलात रुतले. परतले तेव्हा कपडेपटाची सुलक्षणाबाई तेहतीस देवांचे पितांबर वाळत घालत होती.

"बाई, इथे साप पाहिलात?"

"अगं बाई! नाही हो!"

भावोजींनी तपकिरी टेरिकॉटची पँट धुऊन इंद्राच्या पितांबराशेजारी टाकली, वाऱ्याने उडू नये म्हणून सेफ्टी पिना लावल्या. "दोरी मजबूत आहे हो," असं कौतुकही केलं.

पावणेचार झाले. काशीराम पिशवी भरू लागला. भावोजी असुराचं कातडं गुंडाळून म्हणाले, "वासुकी मुळात नव्हताच. दोरीला साप समजण्याचा भास!"

तिकडे सुलक्षणाबाई वाळलेले पितांबर काढत होती. एक निघाला, खाली हिरवे खवले. दुसरा निघाला, आणखी खवले.

"माझो वासुकी!" काशीराम किंचाळला.

"हा साप आहे? शेडमध्ये पडलेला, मी दोरी म्हणून बांधला. सगळे साप साप करताय, दोरीचं कुणी विचारलं मला?"

"मी काय म्हणालो? भासच!" भावोजी म्हणाले.

शेठ ओशाळले. "काशीराम, चुकलं माझं. काय हवं ते माग."

"माका देवांच्या बाजूक उभो करा. पिच्चर लागलो काय आवशीक दाखवतलंय."

ऊन उतरत होतं. धावपळ करून फणा लावला, शॉट उरकला.

सिनेमा बोरिवलीला लागला. काशीरामची आई खास गावाहून आली होती. पडद्यावर तेहतीस देव, आणि चौतिसावा काशीराम.

"तो बघा, झील माझो!" म्हातारी उभी राहून ओरडली. अख्ख्या थिएटरने टाळ्या वाजवल्या. माझेही डोळे भरून आले.

तेवढ्यात शेजारी भावोजी उभे राहिले. वासुकीच्या पाठीवर, इंद्राच्या हाताशी तपकिरी काहीतरी लोंबत होतं.

"आणि ती पँट माझी!"