गुणवंतभाऊंचं बारीक टिंऽऽ

गुणवंतभाऊ आमच्या घरी आले की चहाआधी स्वयंपाकघरात जाऊन आमची भांडी ऐकतात. पातेल्याला टिचकी मारायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "हे नाही. हे बिचारं शरीफ हाय." शेजारी राहून मला याची सवय झाली आहे. बायकोला अजून नाही.

भाऊ तरुणपणी अमरावती-अकोल्याकडच्या लग्नांतून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. मग नोकरी, संसार, आणि गिटार माळ्यावर. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती खाली काढली, सोबत काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायरही. चालू केला की आतले व्हॉल्व्ह हळूहळू लाल होत जातात, आणि तोवर भाऊ गॅसवरच्या दुधाकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत बसतात.

अकोल्यात त्यांची जुनी मंडळी पुन्हा वाजवायला जमू लागली होती. ढोलकीवाले गोपाळभाऊ फोनवर फोन करत. यांचं उत्तर ठरलेलं, "येतो न बापा! पन आधी हे टिंऽऽ जाऊ दे. असा वाजा घेऊन मी स्टेजवर चढत नसतो."

कारण गिटार थांबली तरी मागे काहीतरी बारीक वाजत राहायचं.

शोधाची रीत पोलिसी होती. भाऊंनी तार छेडायची, आणि मी, म्हणजे शेजारचा गणिताचा मास्तर, एकेका वस्तूवर तळहात ठेवत फिरायचं. हाताखाली आवाज मेला की चोर सापडला. पहिला चोर खुंटीचा ढिला स्क्रू निघाला. दुसरा, खुंट्यांजवळचा तारांचा मोकळा भाग. तिथं त्यांनी लोकर कोंबली. मग शोकेसची काच. मग एक व्हॉल्व्ह, पेन्सिलीनं टोकलं की स्पीकरमधून देवळातल्या घंटेसारखा बोलणारा. त्याच्यासाठी भाऊ एसटीनं अकोल्याला गेले आणि नवा व्हॉल्व्ह तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेऊन आले.

"माह्या मसाल्याच्या डब्याले स्वेटर घातलं या मानसानं, सर!" सुमनवहिनी म्हणाल्या. "मले कदी घातलं नाही!"

इथपर्यंतचे सगळे आवाज मीही ऐकले होते. नव्या व्हॉल्व्हनंतर मात्र मला काहीच ऐकू येईना.

"सर, आता येते काय?" भाऊ विचारत.

"मले तं काई येत नाही," वहिनी सांगून टाकत.

मी भाऊंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "हो. बारीक आहे."

"पाह्य! सरले येऊन राहिलं न! तू कानात तेल घाल."

मी मुळात कमी बोलणारा. नाही म्हटलं की पुढं बोलावं लागतं, हो म्हटलं की सुटका होते. सुटका झाली नाही. "कोन्या बाजूनं?" भाऊंनी विचारलं. मी म्हणालो, डावीकडून. त्या एका शब्दापायी त्यांनी अँप्लिफायरची डावी बाजू सगळी उकलली, पुन्हा जोडली आणि तिकडे गोपाळभाऊंना पुढची तारीख दिली. मला रात्री झोप लागेना. सकाळी पुन्हा जाऊन हो म्हणायचो.

परवा दुपारी लाईट गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, व्हॉल्व्हचा लाल रंग विझला. वहिनी बाजारात गेल्या होत्या. भाऊंनी बोट वर केलं.

"हे पाहा. येऊनच राहिलं."

मग त्यांनी विझलेल्या अँप्लिफायरकडे पाहिलं. प्लग काढून हातात घेतला.

"सर, खरं सांगा. तुमाले येते काय?"

"नाही, भाऊ. नवा व्हॉल्व्ह बसवल्यापासून एकदाही आलं नाही. मी उगाच हो म्हणत होतो."

"कावून?"

"तुम्ही एकटे पडला असता."

ते रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही कानांवर तळहात दाबले. आवाज मेला नाही, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

"चोर घरचाच निघाला, सर," ते म्हणाले. "सुमनले सांगू नोका. घाबरन थे."

मला वाटलं, आता गिटार माळ्यावर जाणार. भाऊंनी ती मांडीवर घेतली. "कोनता सूर हाय ते तं पाहू." बारीक तारेवर बोट एकेक घर वर सरकवत गेले. थांबत, ऐकत, मान हलवत. अगदी टोकाशी ते थबकले. "हा. हाच. लावा कान."

मी गिटारच्या लाकडाला कान लावला. विजेशिवाय तार जेमतेम बोलत होती. बारीक, सरळ सूर.

"असं वाजते. जेवताना, झोपताना, कदीही." त्यांनी तो पुन्हा छेडला. "आता सूर मालूम झाला, म्हनजे त्याच्यासंग वाजवता येते. गोपाळले सांगतो, येतो म्हनून."

मी कान तसाच ठेवला होता. भाऊंनी तारेवर बोट टेकवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. माझ्यापुरती खोली शांत झाली होती.