सगुणाबाईंच्या फोनचा दहावा

एका जंगलात सगुणाबाई नावाच्या साळिंदर राहायच्या. कुठल्या जंगलात ते विचारू नका, हल्ली सगळी जंगलं सारखीच झाली आहेत. आणि जंगलात फोन कुठून आले, वीज कुठून आली, असल्या शंका काढणाऱ्या मुलांनी उठून मागे जाऊन बसावं. पुढच्यांना गोष्ट ऐकू द्यावी.

तर त्या जंगलात सगळ्यांकडे फोन होते. चपटे, गुळगुळीत, चकचकीत. त्यांना ना स्क्रू, ना झाकण, ना फट. आत काय आहे ते आजवर कुणी बघितलं नव्हतं, आणि बघावंसं वाटणं हे असभ्यपणाचं समजलं जाई. असा फोन वर्ष-दीड वर्ष चाले आणि एक दिवस बंद पडे. बंद पडला की जंगल हळू आवाजात म्हणे, "गेला."

गेला म्हणजे गेलाच. मग सगळं रीतसर व्हायचं. मंडळी भेटायला यायची. "काल तर चांगला बोलत होता हो." "शेवटी किती टक्के होता?" दहाव्या दिवशी ओढ्याकाठी भाताचा पिंड ठेवायचा. पिंडाला कावळा शिवला की फोन सरकारी हिशेबाने मेला. मग तो ओढ्यात सोडायचा, अंघोळ करायची आणि नवा आणायचा. कावळा शिवला नाही तर फोनची काही इच्छा राहिली असं समजून घरचे हात जोडायचे आणि म्हणायचे, "तुझ्यातले सगळे फोटो जपून ठेवू हो." मग शिवायचा.

पिंडाला शिवणारा कावळा जंगलात एकच होता, दिगंबरपंत कावळे. फोनचं दुकानही एकच होतं. तेही दिगंबरपंत कावळ्यांचंच. हा निव्वळ योगायोग आहे असं जंगलात सगळे मानायचे, तेव्हा तुम्हीही माना.

आता सगुणाबाईंचा फोन. तो त्यांनी लांबच्या आठवडी बाजारातून आणला होता, आणि खरं सांगायचं तर तो चारचौघांत काढण्यासारखा नव्हता. वडीसारखा जाड. त्याच्यातून काढलेल्या फोटोत हरीण कोण आणि रानडुक्कर कोण ते खाली लिहावं लागे. सकाळी बटण दाबून चूल पेटवली, तर चहाला उकळी येईपर्यंत तो जागा व्हायचा. दोन कामं एकदम सांगितली तर रुसून बसायचा. पण त्याची पाठ नखाने उघडायची. बॅटरी काढता यायची, काच बदलता यायची, चार्जिंगचं भोक सैल झालं तर तेवढंच नवं बसवता यायचं. खोक्यात एक छोटा स्क्रूड्रायव्हर मिळाला होता. तो दुसऱ्याच दिवशी हरवला. पण सगुणाबाईंच्या पाठीवर त्याच मापाचे शंभरभर काटे होते, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

फोनला चार वर्षं झाली होती. काच दुसरी होती, बॅटरी तिसरी होती, आवाज मात्र पहिलाच होता. आणि आवाज असा खणखणीत की फोन वाजला की पलीकडच्या टेकडीवरचे मोर आपलं केकाटणं थांबवून ऐकत.

शेजारचे वामनराव ससे रोज म्हणायचे, "सगुणाबाई, बदला हो आता तो डबा."

"का? वाजतो की."

"अहो, वाजायला काय, घंटासुद्धा वाजते. दिसायला नको का काही?"

वामनरावांनी आतापर्यंत पाच फोन ओढ्यात सोडले होते. पाचही वेळा ते मनापासून रडले होते.

सगुणाबाईंना फोन दिसायला कसा आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांची लेक चंद्री दोन डोंगर पलीकडे दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण पोर. सासू हयात नाही, नवरा इतका भित्रा की पालापाचोळा वाजला तरी त्याला घाम फुटायचा. मधे बिबट्यांची वस्ती, त्यामुळे लेकीला माहेरी आणता येईना आणि आईला तिकडे जाता येईना. चंद्री रोज रडायची. "आई, मला भीती वाटते गं." सगुणाबाई रोज सांगायच्या, "कळा सुरू झाल्या की फोन लाव. मी इथून एकेक गोष्ट सांगते. मी आहे ना." एवढं बोलून फोन ठेवला की त्या स्वतः रडायच्या.

अशात एका सोमवारी पाणवठ्यावर सगुणाबाई पाणी प्यायला वाकल्या आणि फोन हातातून सुटून डुबुक्‌कन पाण्यात. सगळं जंगल तिथे होतं. सगळ्यांच्या देखत फोन वर काढला, तर तो काळाठिक्कर.

"गेला," वामनराव म्हणाले आणि त्यांनी डोळ्यांना पंजा लावला.

संध्याकाळी मंडळी भेटायला आली. येताना कुणी खिचडी आणली, कुणी पिठलं. दारातच तोंडं पाडून आत आली आणि बघतात तो काय? अंगणात उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात सूप ठेवलेलं. सुपात सगुणाबाईंनी फोनचे सगळे भाग सुटे करून मांडलेले. इकडे काच, तिकडे पाठ, मधे कसलीशी हिरवी पट्टी, आणि स्क्रू मोजून वाटीत. सगुणाबाई काट्याच्या टोकाने पाणी टिपत होत्या.

घोरपडीला घेरी आली. वामनराव तर दारातच मटकन बसले.

"अहो, हे काय करताय? अजून दिवससुद्धा घातले नाहीत, आणि तुम्ही त्याला फाडून बसलात?"

"वाळवतेय," सगुणाबाई म्हणाल्या. "बॅटरी तेवढी गेलीय. गुरुवारी बाजारातून नवी आणते. जरा बाजूला व्हा, ऊन अडतंय."

मंडळी खिचडी परत घेऊन गेली.

गुरुवारी बॅटरी आली. बसवली, बटण दाबलं, चूल पेटवली, चहा उकळला, आणि फोन सुरू झाला. सगुणाबाईंनी आधी लेकीला फोन लावला. चंद्री म्हणाली, "तीन दिवस कुठे होतीस गं आई? मी नुसती वाट बघत बसले होते."  तिच्या आवाजाने पलीकडच्या टेकडीवरचे मोर गप्प झाले, त्यावरून जंगलाला कळायचं ते कळलं.

शुक्रवारी वडाखाली दरबार भरला. सिंह महाराज आधीच वैतागलेले होते, कारण त्यांचा अकरावा फोन गरम व्हायला लागला होता.

"सगुणाबाई, तुमचा फोन सोमवारी गेला, हे खरं?"

"पाण्यात पडला, हे खरं."

"आणि आता बोलतो?"

"बोलतो. बॅटरी बदलली, महाराज. दुसरं काही नाही."

यावर वामनराव उभे राहिले.  "महाराज, या म्हणतात बॅटरी बदलली की फोन उठतो. मग माझे पाच गेले, त्यांचं काय झालं होतं?"

 प्रत्येकाला ओढ्याचा तळ आठवला. कोपऱ्यातून घोरपड बारीक आवाजात म्हणाली, "माझा तर फक्त मध्येच बंद पडायचा..." सगळ्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती पुढे बोललीच नाही. महाराजांनी स्वतः दहा फोन बँड लावून सोडले होते. त्यांनी बराच वेळ आयाळ खाजवली.

दिगंबरपंत कावळे फांदीवरून खाली आले आणि अदबीने म्हणाले, "महाराज, शंकेला जागाच नाही. गेलेला फोन परत येत नसतो. आला तर ते त्याचं भूत."

सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. भूत म्हटल्यावर कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

निकाल झाला. पुढच्या बुधवारी फोनचा दहावा, आणि कावळा शिवला की विसर्जन.  चंद्रीचे दिवस त्याच आठवड्यात भरत होते.

"महाराज, तोवर तरी माझ्याजवळ राहू दे."

"राहू दे," महाराज म्हणाले. "गेलेल्याजवळ दिवा लावतात."

सगुणाबाईंनी दिवा लावला. शेजारी चार्जरही लावला.

शनिवार गेला, रविवार गेला, मंगळवारही गेला. चंद्रीचा फोन काही आला नाही. बुधवारी सकाळी सगुणाबाई फोन पदराखाली धरून ओढ्यावर निघाल्या. जाताना त्यांनी एक जादा बॅटरी कमरेला खोचली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ओढ्याकाठी दर्भ, तीळ, भाताचा पिंड, सगळं मांडलं होतं. पिंडाशेजारी केळीच्या पानावर फोन ठेवला. मंडळी हात जोडून उभी राहिली. दिगंबरपंत दुडक्या चालीने पुढे आले. त्यांना भूक लागली होती आणि दुकानही उघडायचं होतं. त्यांनी चोच खाली नेली.

आणि फोन वाजला.

हरणं उधळली. महाराज दोन पावलं मागे सरले आणि आपण सरलो नाही असं दाखवत तिथेच बसले. दिगंबरपंतांची चोच पिंडापासून बोटभर अंतरावर थांबली. सगुणाबाईंनी झडप घालून फोन उचलला.

"आई, खूप दुखतंय गं." ओढ्याच्या दोन्ही काठांना ऐकू गेलं. तो फोन हळू बोलतच नसे. "हे चक्कर येऊन पडलेत."

"पडू दे त्यांना. तू माझं ऐक. भिंतीला टेक. मोठा श्वास घे. घेतलास? आता हळू सोड."

पुढचा तासभर ओढ्याकाठी कुणी हललं नाही. सगुणाबाई श्वास घे म्हणाल्या की सगळं जंगल श्वास घेई. सोड म्हणाल्या की सोडी. वामनरावांना तर खरोखरच कळा यायला लागल्या. महाराज दर पाच मिनिटांनी विचारत, "झालं का?" आणि वाघीण त्यांना गप्प करी.

मध्येच फोनने कुईं केलं. बॅटरी संपत आली होती.

"चंद्रे, फोन बंद होईल. घाबरू नको. वीस आकडे मोज, मी आलेच." फोन विझला. सगुणाबाईंनी नखाने पाठ उघडली, जुनी बॅटरी काढली, कमरेची घातली. बटण दाबलं. आता हा फोन चहाला उकळी येईपर्यंत जागा व्हायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिकडे चंद्रीचे वीस आकडे कधीच संपले असतील. सगुणाबाई फोन छातीशी धरून पुटपुटत होत्या, "ऊठ रे बाबा. एवढ्या वेळेला ऊठ." त्यांचे सगळे काटे उभे राहिले होते.

उठला. त्यांनी फोन लावला. पलीकडून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक बारीक, चिरका, रागावलेला आवाज आला. मग चंद्रीचा. "आई, मुलगी झाली. हिचे काटे किती मऊ आहेत गं."

"आधी मऊच असतात," सगुणाबाई म्हणाल्या आणि ओढ्याकाठी फतकल मारून रडू लागल्या.

सगळं जंगल रडलं. महाराज रडले. दिगंबरपंतही रडले, आणि तासभर उपाशी राहिल्यामुळे रडता रडताच त्यांनी पिंडाचा घास घेतला.

"शिवला," वामनराव म्हणाले.

झालं. कावळा शिवला म्हणजे फोन रीतसर मेला. महाराजांनी डोळे पुसले आणि अगदी मायेने सांगितलं, "सगुणाबाई, अभिनंदन. आता विसर्जन करा." सगुणाबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी फोनच्या पाठीचं जुनं तडकलेलं झाकण काढलं, पानात गुंडाळलं आणि ओढ्यात सोडलं. मंडळींनी हात जोडले. बिनझाकणाचा फोन सगुणाबाई पदराखाली घेऊन घरी गेल्या.

आता पुढच्या बाकावरच्या मुलांना वाटत असेल की दुसऱ्या दिवसापासून जंगलातल्या सगळ्यांनी फोन उघडायला शिकून घेतलं असेल. बाळांनो, तुम्ही फार गोड आहात.

दुसऱ्या दिवशी दिगंबरपंतांच्या दुकानासमोर पाणवठ्यापर्यंत रांग लागली. पाटी होती : "आला, आला! मेल्यावरही वाजणारा फोन! मॉडेल : सगुणा." फोन वडीसारखा जाड होता. पाठीला झाकण होतं, झाकणाला फट होती, फटीशेजारी नखाचं सुबक चित्र होतं. वामनरावांनी पहिला घेतला आणि लगेच सगुणाबाईंना दाखवायला आणला.

"बघा, अगदी तुमच्यासारखा. फक्त दिसायला बरा."

दोन महिन्यांनी तो बंद पडला. वामनराव धावत आले. या वेळी रडले नाहीत, उलट खुशीत होते. "उघडा, सगुणाबाई. आता मला माहीत आहे, बॅटरी तेवढी गेली असेल."

सगुणाबाईंनी नख घातलं. नख शिरेना. काटा घातला, काटा मोडला. फट नुसती रंगवलेली होती. आतून सगळं डिंकाने चिकटवलं होतं.

त्यांनी फोन वामनरावांच्या हातात परत दिला. "वामनराव, हा खरंच गेला हो."

वामनरावांनी डोळे मिटले. मग त्यांच्या चेहऱ्यावर मोठी शांतता पसरली.

"मी म्हणतच होतो," ते म्हणाले. "म्हणजे माझे आधीचे पाचही खरंच गेले होते." आणि ते दहाव्याचं सांगायला दिगंबरपंतांकडे समाधानाने निघून गेले.

तात्पर्य : मुलांनो, बंद पडलेली वस्तू दुरुस्त होते. पण ज्यांनी चांगल्या वस्तू रडत रडत ओढ्यात सोडल्या, त्यांना हे कधीही सांगू नये. त्यांच्याकडे दहाव्याला जावं, पोटभर जेवावं आणि "फार चांगला होता हो" असं म्हणून घरी यावं. स्क्रूड्रायव्हर घरी आल्यावर, दार लावून काढावा.