मऊ वस्तूंचा वैरी

साळवे सर माझ्या दुकानात आले की आधी वास घेतात. बाकीची गिऱ्हाइकं भाव विचारतात, हा माणूस टेबलक्लॉथचं टोक नाकाशी धरतो, डोळे मिटतो आणि फौजदारासारखा जाहीर करतो, "संशयित!"

नवीन जालन्यात स्टेशनजवळ माझं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान आहे. हातगाडीवर प्लास्टिकचे मग विकण्यापासून सुरुवात केली, एकेका गिऱ्हाइकाशी घसा कोरडा केला, तेव्हा कुठे डोक्यावर पक्कं छत आलं. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. नोकरी संपली, पण शिकवणं सुटलं नाही. मग त्यांनी माझं दुकानच प्रयोगशाळा म्हणून ताब्यात घेतलं.

त्यांचं शास्त्र सोपं आहे. कडक बादली निर्दोष. मऊ पाइप, रेक्झिन, टेबलक्लॉथ हे सगळे आरोपी. "शेठ, हे प्लास्टिक जन्माचं कडक. त्याला मऊ करायला थॅलेट नावाचं रसायन घालतात. ते आत टिकून राहत न्हाई, हळूहळू बाहेर येतं. जे वाकतं, ते सोडतं!" आणि बाहेर येऊन ते कुठे जातं? सरांच्या मते थेट पुरुषाच्या बीजावर. हे वाक्य दुकानात बायाबापड्या असल्या तरी ते त्याच खणखणीत आवाजात म्हणतात.

एकदा बँकेचा शिपाई पातळ पिशवीत गरम चहा बांधून मोटारसायकलवर निघाला होता. सर आडवे आले.

"लग्न झालंय का?"

"न्हाई, सर."

"मंग तर उतरच खाली!"

अर्धा तास व्याख्यान. चहा थंड झाला, बँकेतले साहेब तापले.

माझं दुखणं मात्र वेगळं आहे. एका मंगल कार्यालयाच्या मालकाला मी टेबलक्लॉथचे रोल देत होतो. दोन तास घासाघीस, तीन वेळा चहा, शेवटी गडी राजी झाला. तेवढ्यात सर आले. वास घेतला. म्हणाले, "याच्यावर गरम वरण सांडलं की नवरदेवाच्या वंशाचं काही खरं न्हाई."

मालक चपापला. "अहो, माझ्याकडं रोज नवरदेवच जेवतात!" म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. तीन वर्षं झाली त्याला. मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

असा हा माणूस एक दिवस माझ्या घरात घुसला. म्हणजे दुकानातच उभा होता, पण बोलला घरातलं. माझा मुलगा नितीन, त्याच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. सून वैशालीच्या तपासण्या जालन्यात झाल्या, संभाजीनगरला झाल्या. गोळ्या झाल्या, उपास झाले. नितीनची तपासणी एकही नाही. ती करावी असं आमच्यात कुणाला सुचलंच नव्हतं. वैशालीला माहेरी पाठवून दुसरी सोयरीक बघावी, असं माझी बायको बोलायला लागली होती.

त्या दुपारी नितीन नेहमीसारखा रेक्झिनच्या रोलवर आडवा झाला होता. सरांनी रोल सोडून त्याच्याकडेच बोट केलं.

"शेठ, सुनेच्या चिठ्ठ्या बस झाल्या. याला तपासा."

माझं डोकं फिरलं. "चालते व्हा, सर! माझा पोरगा पैलवानासारखा आहे. आधी माझं गिऱ्हाईक पळवलं, आता घर मोडता का? आणि तुम्हाला स्वतःला लेकरू न्हाई, तुम्ही काय शिकवता मला?"

सर चिडले नाहीत.

"त्याचंच सांगून राह्यलो, शेठ. मास्तर व्हायच्या आधी मी पाइपाच्या कारखान्यात होतो. ते मऊ करायचं तेल या हातांनी ढवळलंय. त्याच्यामुळंच झालं असं विज्ञान छातीठोक म्हणत न्हाई, मी बी म्हणत न्हाई. पण बावीस वर्षं आम्ही बायकोला, सुमनलाच डॉक्टरकडं नेत राह्यलो. डोहाळजेवणाला तिला कुणी बोलवायचं न्हाई. एक तपासणी तेवढी राह्यली. माझी. मला लाज वाटली."

सुमनबाई वारल्याला चार वर्षं झाली होती. मातीला मी गेलो होतो. एवढंच मला माहीत होतं.

नितीन रोलवरून उतरला, चपला पायात घातल्या. "पप्पा, मी जातो. सर, सोबत येता का?"

मीही मागोमाग लॅबमध्ये गेलो. सर तिथल्या खुर्च्यांचा वास घेऊन तमाशा करतील, अशी मला धास्ती होती. पण ते नितीनच्या शेजारी गुमान बसले. नितीनचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो आत गेला.

मग सर उठले आणि खिडकीतल्या मुलीला हळू आवाजात म्हणाले, "बाई, सत्तरीच्या माणसाची होते का ही तपासणी?"

ती हसली. "होते की. पण आजोबा, आता कशाला?"

"एकीला सांगायचं राह्यलंय," सर म्हणाले, आणि त्यांनी तिच्याकडून फॉर्म मागून घेतला.