वाऱ्याकडे पाठ

लायलने पहिला खोटा हंस जमिनीत रोवायला घेतला आणि त्याची सळई वाकली. दुसऱ्याची वाकली नाही, कारण रोवण्याआधीच तो वाऱ्याने उचलला आणि ओरेस्टच्या कानाला चाटून कुंपणाकडे निघून गेला.

"दाजी, तुमचा हंस चालला," ओरेस्ट म्हणाला. आणायला मात्र हलला नाही.

कॅनडातल्या सस्कॅचेवनमध्ये नोव्हेंबर संपता संपता जमिनीत पहार जात नाही, तिथे बोटाएवढी सळई काय जाणार. जवाचं पीक कापून झालेलं, धाटांची खुंटं तेवढी वर उरलेली आणि खालची माती नुसता दगड. त्यात वायव्येचा वारा. पण प्लॅस्टिकचे खोटे हंस मांडल्याशिवाय वरून जाणारे खरे रानहंस खाली उतरत नाहीत, आणि आज ते उतरले नाहीत तर लायलची सासरी उरलीसुरली पतही जाणार होती.

त्याचे सासरे प्रोकॉपबाबा यांच्या या शेतात शिकारीचा सगळा कारभार आजवर त्यांच्याच हातात. हंस कुठे मांडायचे, कोणी कुठे झोपायचं, बंदूक कधी उचलायची, सगळं तेच सांगत. यंदा गुडघ्याने दगा दिला. मागच्या रविवारी कोबीच्या पानातले भाताचे रोल खाता खाता त्यांनी जाहीर केलं, "शनिवारी लायल मांडेल. पक्षी जमिनीवर उतरवून दाखव जावईबापू, कारभार तुझा. नाही उतरले तर ओरेस्टचा."

ओरेस्ट त्यांचा पुतण्या, याच मातीत वाढलेला. लायल रेजायना शहरातला, विम्याच्या कचेरीतला. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी सासरी त्याच्या हातात कोणी साधं फावडं देत नव्हतं. गेला की खुर्ची पुढे करत आणि चहा देत. पंधरा वर्षं पाहुणा म्हणून राहणं किती जिवावर येतं ते त्यालाच ठाऊक. त्यामुळे तो लगेच हो म्हणाला. त्याची बायको डार्या तेव्हा छताकडे बघत होती.

तर आता ड्रिल आणलं. जमिनीला भोक पाडून त्यात सळई बसवायची, सगळे तसंच करतात. ड्रिल दोन भोकं पाडेपर्यंत नीट चाललं, मग थंडीने बॅटरी बसली. तोवर मांडलेल्यांतले निम्मे हंस आडवे झाले होते.

"काय चाललंय तिकडे?" आडोशातून प्रोकॉपबाबांचा आवाज आला. आडोसा म्हणजे एक बुटकी कापडी पेटी, वरून धाटं खोचलेली. शिकाऱ्याने आत उताणं पडायचं आणि पक्षी आले की झाकण उघडून उठायचं. बाबांना आत झोपवलं की त्यांचं बाहेर निघणं अवघड, म्हणून ते आतूनच देखरेख करत होते.

"काही नाही, बाबा. जरा वारा आहे."

"वारा आहे ते मलाही कळतंय. हंस उभे आहेत का?"

"काही उभे आहेत," लायल म्हणाला, आणि त्याच वेळी त्याची नजर पिकअपवरच्या पाण्याच्या टाकीवर गेली. वासरांसाठी भरून आणलेलं पाणी होतं. लायलच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सळया गेल्या खड्ड्यात. हंस उभा करायचा, पायाखालच्या प्लॅस्टिकच्या कड्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि दहापर्यंत आकडे मोजायचे. बर्फ काय तो धरून ठेवील.

आणि धरलं की. एकेक हंस असा घट्ट बसला की वारा त्याच्यावर डोकं आपटून थकला. सगळे वायव्येकडे तोंड करून रांगेत उभे, कारण खरा हंस कधी वाऱ्याकडे पाठ करत नाही. केली तर वारा पिसांत शिरतो. लायलने बाबांना हात देऊन बाहेर काढलं. त्यांनी जवळच्या हंसाला बुटाने ढकललं, मग जोरात ढकललं. हंस हलला नाही, बाबाच हलले.

"हं," प्रोकॉपबाबा म्हणाले.

या घरात 'हं' म्हणजे शाबासकी. लायलला गहिवरून आलं. ओरेस्टचं तोंड कडू झालं. तिघेही आपापल्या आडोशात जाऊन पडले.

मग वारा थांबला. एकदम, कोणीतरी दार लावावं तसा. लायल म्हणाला, आता ऊन पडेल. ओरेस्ट म्हणाला, पडलं तर पडलं. आणि थोड्या वेळाने वारा परत सुरू झाला, पण या खेपेला आग्नेयेकडून.

"लायल," प्रोकॉपबाबा पेटीतून म्हणाले, "माझ्या तोंडावर वारा येतोय."

"हो, बाबा."

"मघाशी टाळूवर येत होता."

"हो, बाबा."

"मग हंस फिरव की."

लायलने पेटीतून डोकं काढून बर्फात रुतलेल्या हंसांकडे बघितलं. ओरेस्ट हसायला लागला आणि त्याची पेटी हलायला लागली. वरून रानहंसांचा एक थवा आला, खाली बघितलं, सगळी मंडळी वाऱ्याला ढुंगण दाखवून उभी आहेत हे पाहिलं आणि दुप्पट उंचीवरून निघून गेला.

आता हंस सोडवायचे. लायलने एकाला लाथ मारली, तर धड सुटून आलं आणि पाय तिथेच राहिले. टाकीचं तोंड गोठलं होतं. "गरम काहीतरी पाहिजे," तो म्हणाला. तिघांच्या थर्मासमधली कॉफी ओतली, पाच-सहा हंस सुटले, त्यांना फिरवलं. मग बाबांनी जड मनाने बीटाच्या साराचा थर्मास दिला. त्याने आणखी तीन सुटले, पण त्यांच्या पायाशी सगळा बर्फ लालभडक झाला.

"हे आधीच मेलेले दिसतायत," ओरेस्ट म्हणाला.

"तू गप्प बस. आता काय राहिलंय गरम?" बाबांनी विचारलं.

सकाळपासून तिघेही कॉफी प्यायले होते, त्यामुळे उत्तर सगळ्यांना येत होतं. शेवटी प्रोकॉपबाबांनीच कोटाची खालची बटणं काढली. "माझा मी बघतो. तुम्ही तिकडे तोंड करा."

अशा कामाला वाऱ्याकडे पाठच करावी लागते, हे शहरातल्या लायललाही सांगावं लागलं नाही. तिघं तीन हंसांसमोर माना खाली घालून उभे राहिले. बंदुका आडोशात. तेवढ्यात बर्फ भुरभुरायला लागला आणि डोक्यावर आवाज आला.

"हलू नका," बाबा कुजबुजले.

"बाबा, बंदुका..."

"बंदुकांचं नाव काढू नकोस. श्वाससुद्धा हळू घे."

आणि थवा उतरला. एकामागून एक, पंख पसरून, पाय पुढे काढून, थेट त्यांच्यामध्ये. निम्मे खोटे हंस इकडे तोंड करून, निम्मे तिकडे, एकाचे नुसतेच पाय, तिघांच्या पायाशी लालभडक बर्फ, आणि मधे तीन माणसं बटणं उघडी टाकून. रानहंसांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. एक जण ओरेस्टच्या बुटाची लेस ओढून बघून गेला. लायलच्या मागे दोघांचं भांडण जुंपलं. बाबांनी इतके पक्षी इतक्या जवळून जन्मात पाहिले नव्हते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटी थंडी नको तिथे पोचली. बाबांनी बटणाला हात घातला आणि सगळा थवा एकदम उडाला.

तिघांनी बटणं लावली. मग ओरेस्टने गळा साफ केला. "एकही पक्षी पडला नाही, काका. म्हणजे कारभार माझा."

"मी काय म्हणालो होतो?" बाबांनी विचारलं. "उतरवून दाखव म्हणालो होतो. उतरवले त्याने. पाडायचं काम तुझं होतं. बंदूक कुठाय तुझी?"

ओरेस्टने आडोशाकडे बोट दाखवलं.

"मग झालं तर." प्रोकॉपबाबांनी लायलच्या खांद्यावर हात ठेवला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. लायलला काय करावं कळेना, म्हणून तो ताठ उभा राहिला. "पुढच्या शनिवारी अस्सं मांड. यातलं काही बदलू नकोस."

लायलने शेतावर नजर फिरवली. एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून.

"अस्सं म्हणजे नेमकं कसं, बाबा?"

"मला काय विचारतोस?" पिकअपकडे लंगडत जाताना बाबा म्हणाले. "कारभारी तू."